मालवणच्या पाण्याखाली एक सावकाश दिवस



दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की आपल्या वडोदऱ्यातल्या बऱ्याच मराठी घरांत कोकणचा बेत शिजू लागतो. कुणाचे मूळ गाव तिकडे, कुणाचे कुलदैवत तिकडे, तर कुणाच्या आत्याचे किंवा मावशीचे घर तिकडे. पूर्वी कोकणातून परतलेली मुले आंबे, करवंदे आणि विहिरीत मारलेल्या सुरांच्या गोष्टी सांगत. अलीकडे त्यात एका वाक्याची भर पडली आहे : "आम्ही मालवणला स्कूबा केलं!"

हे ऐकून वर्गातल्या मुलांचे डोळे मोठे होतात आणि घरी आई-बाबांच्या कपाळाला आठ्या पडतात. पाण्याखाली श्वास कसा घेतात? ज्याला पोहता येत नाही त्याचे काय? मुलांना पाठवावे की नाही? असे प्रश्न पडणे अगदी स्वाभाविक आहे. म्हणूनच अशा एका दिवसाची सकाळपासून संध्याकाळपर्यंतची ओळख करून देण्याचा हा प्रयत्न.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवायला हवी. बहुतेक खेळांत जो वेगवान तो जिंकतो. पाण्याखाली मात्र जो सर्वांत सावकाश, त्यालाच सर्वांत जास्त पाहायला मिळते आणि तोच सर्वांत सुरक्षित राहतो. त्यामागे साधे शास्त्र आहे. आपल्या पाठ्यपुस्तकातलेच!

बेट आणि किनारा

मालवण हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातले जुने बंदर. कोकण रेल्वेच्या कुडाळ स्थानकावर उतरून सुमारे ३० किलोमीटर रस्त्याने गेले की आपण मालवणात पोहोचतो. बंदरावर उभे राहिले की समोर पाण्यात सिंधुदुर्ग किल्ला दिसतो. छत्रपती शिवाजी महाराजांनी कुरटे नावाच्या खडकाळ बेटावर हा किल्ला बांधायला घेतला तो २५ नोव्हेंबर १६६४ रोजी. किनाऱ्यावरच्या 'मोरयाचा धोंडा' या खडकापाशी पूजन झाले आणि तीन वर्षांत काम पुरे झाले. चारही बाजूंनी खारे पाणी असूनही किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत.

हा सारा इतिहास आपण सहलीला जाऊन पाहतो. पण ज्या खडकांवर हा तट उभा आहे, ते खडक पाण्याखालीही पसरलेले आहेत. त्यांच्या कपारींत मासे राहतात आणि पाठीवर प्रवाळ वाढतात. मुक्काम किनाऱ्यावर, मालवण, तारकर्ली किंवा देवबागच्या एखाद्या घरगुती न्याहारी-निवासात. आणि डुबकी बेटाच्या आसपास, असा इथला साधारण क्रम असतो.

सकाळ : लवकर निघायचे, पण घाई करायची नाही

डुबकीसाठी सकाळची वेळ चांगली. का बरे? भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो आहोत. दिवस वर येतो तशी जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्राकडून खारे वारे वाहू लागतात. दुपारनंतर ते जोर धरतात व लाटा वाढतात. सकाळी पाणी त्या मानाने शांत असते. पावसाळ्यात हा खेळच बंद. मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत समुद्र खवळलेला असतो. नद्यांचा गाळ पाण्यात उतरतो आणि किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्याही बंद ठेवल्या जातात.

न्याहारी हलकी करावी. दोन घावन आणि चहा पुरे. त्यानंतर एक कागद भरून द्यावा लागतो. दमा आहे का, हृदयाचा काही त्रास आहे का, फिट येतात का, कानाचे दुखणे आहे का, सध्या सर्दी आहे का, असे प्रश्न त्यात असतात. पालकांनी हा कागद नुसता सही करून देऊ नये, नीट वाचून खरी उत्तरे लिहावीत. आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण संस्थांच्या नियमांप्रमाणे नवशिक्याचे वय किमान १० वर्षे असावे लागते. साधी सर्दी असली तरी त्या दिवशी डुबकी नको. त्याचे कारण पुढे येईलच.

मग उथळ पाण्यात थोडे शिक्षण होते. डोळ्यांवर मास्क, तोंडात श्वासाची नळी, पाठीवर सिलिंडर. येथे एक मोठा गैरसमज दूर करायला हवा. या सिलिंडरला सर्रास 'ऑक्सिजनची टाकी' म्हटले जाते. प्रत्यक्षात तिच्यात आपण आत्ता घेतो तीच साधी हवा दाबून भरलेली असते. ती हवा हवी तेव्हा हव्या तितक्या दाबाने तोंडात सोडणारे यंत्र झॅक-ईव्ह कूस्तो आणि एमिल गान्यां या दोन फ्रेंच माणसांनी १९४३ मध्ये तयार केले. आजचा सारा खेळ त्या यंत्रावर उभा आहे.

पाण्यात बोलता येत नाही, म्हणून खुणा शिकवतात. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला की 'ठीक आहे'. अंगठा वर केला की मात्र 'छान' असा अर्थ होत नाही, 'वर चला' असा होतो! पुष्कळ मुले आनंदाने अंगठा दाखवतात आणि प्रशिक्षक त्यांना सरळ वर घेऊन येतो.

सावकाशीचे गणित

आता थोडे विज्ञान. आपल्या डोक्यावर हवेचा एक वातावरण इतका दाब असतो. पाण्यात दर १० मीटर खोलीला आणखी एका वातावरणाची भर पडते. म्हणजे १० मीटरवर दाब दुप्पट झाला. ६ लिटर हवेचा फुगा १० मीटर खाली नेला, तर तो ३ लिटरचा होईल. बॉईलचा नियम तो हाच.

आपल्या कानाच्या पडद्यामागेही हवा असते. खाली जाताना ती आकुंचन पावते आणि कान दुखू लागतो. यावर उपाय सोपा आहे. नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारायची, की घशातून कानाकडे जाणाऱ्या नळीने हवा आत जाते आणि कान मोकळा होतो. सर्दीत ही नळी बंद झालेली असते. म्हणून सर्दी असताना डुबकी नको. दुखेपर्यंत थांबायचे नाही. थोडे खाली, मग कान मोकळे, पुन्हा थोडे खाली, असे सावकाश उतरायचे.

वर येताना याच्या उलट घडते. १० मीटरवर छातीत ६ लिटर हवा भरून कुणी श्वास रोखला आणि तसाच वर आला, तर ती हवा १२ लिटर होऊ पाहील. फुप्फुसात तेवढी जागा नाही. म्हणून या खेळाचा पहिला नियम आहे : श्वास कधीही रोखायचा नाही, संथपणे घेत आणि सोडत राहायचे. दुसरा नियम, वर येण्याची घाई करायची नाही. मिनिटाला साधारण ९ मीटरपेक्षा वेगाने वर येऊ नये, असे प्रशिक्षक शिकवतात.

आता एक उदाहरण वहीत सोडवून पाहा. सिलिंडर १२ लिटरचा आहे आणि त्यात २०० बार दाबाने हवा भरली आहे. १२ गुणिले २०० म्हणजे २,४०० लिटर हवा. त्यातली ५० बार, म्हणजे ६०० लिटर, अडीअडचणीसाठी राखून ठेवायची. उरली १,८०० लिटर. घाबरून मिनिटाला ३० लिटर हवा घेणाऱ्या माणसाला १० मीटर खोलीवर दुप्पट दाबामुळे ६० लिटर लागते. त्याची हवा ३० मिनिटांत संपली. शांतपणे मिनिटाला १५ लिटर घेणाऱ्याला ३० लिटर लागते आणि तो ६० मिनिटे पाण्यात राहू शकतो. सिलिंडर तोच आणि समुद्रही तोच, पण शांत माणसाला दुप्पट वेळ मिळाला!

नवशिक्यांना एवढ्या खोल किंवा इतका वेळ नेत नाहीत. काही मीटर खोलीवर, प्रशिक्षकाच्या हातात हात देऊन, थोडाच वेळ नेतात. म्हणूनच ज्याला पोहता येत नाही त्यालाही हा अनुभव घेता येतो. पण रीतसर अभ्यासक्रम करायचा असेल, तर २०० मीटर पोहून आणि १० मिनिटे तरंगून दाखवावे लागते.

खाली काय दिसते?

पाण्याखाली पहिली जाणीव होते ती आवाजाची. स्वतःचा श्वास आणि बुडबुड्यांची गुडगुड एवढेच ऐकू येते. पाण्यात ध्वनी हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो, त्यामुळे आवाज कुठल्या बाजूने आला ते आपल्या कानांना कळत नाही. नजरही फसते. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठ्या आणि जवळ दिसतात. वर येऊन "एवढा मोठा मासा!" असे सांगणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. पाणी आधी लाल रंग शोषते, म्हणून खोलवर तांबडी वस्तू करडी-तपकिरी दिसते आणि सगळीकडे निळा-हिरवा उजेड राहतो.

जरा स्थिर राहिले की मासे जवळ येतात. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे छोटे मासे, फुलपाखरासारखे चपटे रंगीत मासे, कपारीत दबा धरून बसलेला गोबरा. हातपाय मारणाऱ्याला यातले काही दिसत नाही, कारण त्याने उडवलेल्या वाळूने पाणी गढूळ होते.

आणि मग प्रवाळ. दगडासारखे दिसणारे, पण जिवंत. लाखो इवलेसे प्राणी एकत्र राहून चुन्याचे घर बांधतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून घरमालकाला देते आणि त्याला रंगही देते. पाणी फार तापले की ही जोडी तुटते, शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडतात. उष्णता तशीच टिकली तर ते मरतात. जगभरातल्या प्रवाळांवर असे संकट चौथ्यांदा आले आहे, असे शास्त्रज्ञांनी एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले.

गोलसर, भरीव प्रवाळ वर्षाला साधारण एखादा सेंटीमीटर किंवा त्याहूनही कमी वाढतात. मुठीएवढा गड्डा म्हणजे तुमच्या वयाएवढा जीव समजा. त्यावर पाय ठेवला, तर दहा वर्षांचे काम एका क्षणात मोडते. म्हणून हात लावायचा नाही, उभे राहायचे नाही आणि आठवण म्हणून तुकडाही आणायचा नाही. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघासारखेच, पहिल्या अनुसूचीतले संरक्षण आहे.

दुपार : विश्रांतीही नियमाचाच भाग

पाण्यातून वर आल्यावर विलक्षण भूक लागते आणि झोपही येते. पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षा पुष्कळ वेगाने ओढून घेते, त्यामुळे नुसते तरंगूनही शरीर थकते. दुपारी भात, माशाचे तिखले किंवा शाकाहारी मंडळींना काळ्या वाटाण्याची आमटी, वर सोलकढी, आणि मग माडांच्या सावलीत आडवे व्हायचे. सकाळी डुबकी, दुपारी पॅराशूट, संध्याकाळी पाण्यावरची स्कूटर, असा धावता कार्यक्रम आखणाऱ्यांनी या दुपारचा मान राखावा.

यामागेही शास्त्र आहे. दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात जास्त विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू श्वासावाटे बाहेर पडतो. त्याला तेवढा वेळ मिळायला हवा. सोड्याची बाटली एकदम उघडली की बुडबुडे येतात ना, तसे शरीरात होता कामा नये. विमानात हवेचा दाब कमी असतो, म्हणून एका डुबकीनंतर निदान १२ तास आणि अनेक डुबक्या झाल्या असतील तर निदान १८ तास विमानप्रवास टाळावा, असा संकेत आहे. गोव्याहून विमानाने परतणाऱ्या पालकांनी तिकिटे काढतानाच हे ध्यानात घ्यावे. आपल्या रेल्वेने येणाऱ्यांना ही चिंता नाही!

संध्याकाळ : हा समुद्र कुणाचा?

ऊन उतरले की किनाऱ्यावर फेरी मारावी. नशीब असेल तर रापण पाहायला मिळेल. होडीने लांबवर जाळे टाकून यायचे आणि दोन्ही टोकांना माणसांनी मिळून ते किनाऱ्यावर ओढायचे, ही कोकणची जुनी सामुदायिक मासेमारी. मिळालेल्या मासळीचे वाटे होतात.

ही माणसे पाहिल्याशिवाय मालवणचा समुद्र कळत नाही. १९८७ मध्ये येथील सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. सिंधुदुर्ग आणि पद्मगडाचा परिसर त्याच्या गाभ्यात येतो. स्थानिक मच्छीमारांनी त्याला विरोध केला. पिढ्यान् पिढ्या ज्या पाण्यावर घर चालले, तिथेच उद्या जाळे टाकायला बंदी आली तर खायचे काय, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो खोटा नव्हता. पुढे २०११ नंतर संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने सिंधुदुर्गात सागरी जैवविविधतेचे काम सुरू झाले. स्थानिक तरुणांना पाण्याखाली पर्यटकांना नेण्याचे शिक्षण मिळू लागले. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगची प्रशिक्षण संस्था उभी केली. ज्यांचे वडील मासे धरत, त्यांतली काही मुले आज पाहुण्यांना मासे दाखवतात. जिवंत प्रवाळ हीच आता त्यांची शेती आहे. वादाचे सगळे मुद्दे मिटले असे नाही. होड्यांची आणि पर्यटकांची गर्दी वाढली, तर तीही प्रवाळांना सोसायची नाही. म्हणून आपण पाहुणे कसे वागतो, याला इथे फार महत्त्व आहे.

पालकांसाठी चार शब्द

वडोदऱ्यात हा विषय हलक्या मनाने लिहिता येत नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी आपल्याच शहरात, हरणीच्या तलावात, शाळेच्या सहलीची बोट उलटली आणि १२ विद्यार्थी व २ शिक्षिका आपल्यातून गेल्या. बोटीत क्षमतेहून जास्त माणसे होती आणि अनेक मुलांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. त्याआधी २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला होता. ध्यानात घ्या, दोन्ही घटना पाण्याखाली घडलेल्या नाहीत, होडीत घडल्या. डुबकीची भीती बाळगणारे आपण होडीत मात्र निर्धास्त चढतो.

यासाठी मुलांना पाण्यापासून कायमचे दूर ठेवणे हा उपाय नाही. विचारण्याची सवय लावून घेणे हा उपाय आहे. होडीत पाय ठेवण्यापूर्वी हे प्रश्न विचारा :

१. या होडीची क्षमता किती आणि आज किती माणसे बसणार?
२. लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या मापाचे आहे का? ते चढण्यापूर्वीच घालून त्याचे पट्टे बांधले का?
३. प्रशिक्षकाकडे मान्य संस्थेचे प्रमाणपत्र आहे का? एका नवशिक्यामागे एक प्रशिक्षक असेल का?
४. होडीवर प्रथमोपचाराची पेटी आणि तातडीसाठी ऑक्सिजन आहे का?
५. आज समुद्र कसा आहे?

शेवटच्या प्रश्नावर तांडेल "आज नको" म्हणाला, तर त्याचे आभार माना आणि खुशाल किल्ल्याच्या गोष्टी सांगत किनाऱ्यावर बसा. पैसे भरले आहेत म्हणून हट्ट धरू नये. घाटातल्या पाटीवर लिहिलेले 'अति घाई संकटात नेई' हे समुद्रालाही तितकेच लागू आहे.

आपल्या वडोदऱ्याचाही समुद्र आहे

मालवण लांब आहे, सर्वांनाच जमेल असे नाही. पण प्रवाळांशी वडोदऱ्याचे नाते जुने आहे, हे किती जणांना माहीत आहे? द्वारकेचा ओखामंडळ प्रदेश पूर्वी बडोदा संस्थानात होता. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या काळात संस्थानाने जेम्स हॉर्नेल या सागरी जीवशास्त्रज्ञाकडून तेथील समुद्राची पाहणी करून घेतली. तिचा अहवाल १९०९ आणि १९१६ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. डुबकीचे आजचे साधन निघण्याच्या कितीतरी आधी बडोद्याने आपल्या समुद्रात काय काय जगते ते लिहून ठेवले होते!

त्याच किनाऱ्याला लागून कच्छच्या आखातात, जामनगरच्या बाजूला, १९८२ मध्ये भारतातले पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान झाले. तिथल्या नरारा येथे ओहोटीच्या वेळी वनखात्याच्या परवानगीने चालत जाऊन प्रवाळ पाहता येतात. सिलिंडर नको, पोहणे नको, फक्त पाऊल जपून टाकायचे. शाळेच्या अभ्याससहलीसाठी याहून चांगली जागा शोधायला नको. आणि तेवढेही जमले नाही, तर कमाटीबागेतल्या संग्रहालयात देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहेच. त्याच्याखाली उभे राहून, एवढा जीव श्वास घ्यायला पाण्यावर येत असे, हे आठवून पाहा.

विश्वस्त मंडळींना एक विनंती. आपल्या शहराला व्यायामाची थोर परंपरा आहे. जुम्मादादा व्यायाम मंदिराने आणि प्रा. माणिकरावांनी येथल्या कित्येक पिढ्यांना अंग कमवायला शिकवले. त्याच जोडीने प्रत्येक मुलाला निदान तरंगता यावे, पाण्यात घाबरून न जाता श्वास सांभाळता यावा, एवढे शिक्षण शाळेतून मिळाले तर फार मोठे काम होईल. २०० मीटर नाही, सुरुवातीला १० मिनिटे तरंगणे पुरे.

मुलांनो, तुम्ही मालवणला जा, नराराला जा किंवा वडोदऱ्यातच पोहायला जा. पाण्यात उतरताना घाई किनाऱ्यावर ठेवा. श्वास संथ ठेवा, नजर उघडी ठेवा, हात आवरते ठेवा. जे पाहाल ते वहीत लिहून आणा, आणि प्रवाळ मात्र जिथल्या तिथे राहू द्या. तुमच्यानंतर येणाऱ्या मुलांनाही तो पाहायचा आहे.

सुट्टीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!